कोऱ्या दिवसांची यादी

पहिल्या दिवशी कंपायलरने फायसन लिकोंग्वेला एकशे सेहेचाळीस चुका दाखवल्या आणि फायसनला बरं वाटलं. दोन वर्षांत त्याच्याशी इतकं सविस्तर कोणी बोललं नव्हतं.

बायको गेल्यापासून झोम्बा शहरातल्या घरात तो एकटाच राहत होता. मुलगी इंग्लंडात नर्स. ती रविवारी फोन करायची, औषधं घेतली का विचारायची आणि दुसऱ्या पाळीला पळायची. तिची काही चूक नव्हती, पण फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्तच गप्प व्हायचं. अशात पाणीखात्याची नवी प्रमुख तावोंगा गोंड्वे एक दिवस त्याच्या दारात येऊन उभी राहिली. वयाने त्याच्या मुलीएवढी. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या माणसाला खातं शोधत येतं म्हणजे कुठेतरी घोडं अडलंय, हे त्याने ओळखलं.

घोडं अडलं होतं ते असं. गेल्या पावसात नाम्पासा नदीने मकोम्बे गावातली चाळीस घरं नेली. नवी घरं नोंदीतल्या सगळ्यात मोठ्या पुराच्या वर बांधायची ठरलं. तो पूर शहाऐंशी सालचा. तेव्हाच्या छापील अहवालात त्याची उंची चार मीटर बारा सेंटिमीटर लिहिलेली होती, आणि तिच्यावर अर्धा मीटर धरून गावात खुंट्याही ठोकून झाल्या होत्या. पण घरांसाठी मदत देणारे म्हणाले, कागदावर छापलेलं नको, मूळ नोंदींवरून आकडा पुन्हा काढून दाखवा. मूळ नोंदी होत्या, वीस वर्षांच्या, रोजच्या. त्या फाइली वाचू शकणारा प्रोग्रामही होता, फोर्ट्रान भाषेतला, फायसनने आणि त्याच्या तीन सोबत्यांनी लिहिलेला. नव्या यंत्रावर मात्र तो काही केल्या उभा राहत नव्हता. "बाम्बो," तावोंगा म्हणाली होती, बापाला म्हणावं तशी, "आमच्यातल्या कोणाला ही भाषा येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी गेले कामातून."

त्याने लगेच होकार दिला, आणि आपण किती लगेच दिला याची मागाहून त्याला लाज वाटली.

कार्यालयात त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं. भोवतालची तरुण मंडळी कानांत गाणी ऐकायची बोंडं घालून बसलेली असत. कोणी हसलं तरी ते कशाला हसलं ते कळायचं नाही. दुपारी तो आवारातल्या बाईकडून मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि बारीक मासे घ्यायचा आणि आपल्या टेबलावर परत येऊन एकटाच खायचा. त्याच्या वेळी याच आवारात आंब्याखाली चौघं एका ताटात जेवत असत आणि मॅथ्यूज काफेरा सगळ्यांच्या वाटचे मासे उडवत असे.

चुका मात्र त्याच्या ओळखीच्या निघाल्या. त्या काळी प्रोग्रामची एक ओळ म्हणजे एक पंचकार्ड, ऐंशी घरांचं. पहिली पाच घरं ओळीच्या क्रमांकासाठी, आणि बहात्तराव्या घरापुढे यंत्र बघतच नसे. तिथे ज्याने ओळ लिहिली तो आपली आद्याक्षरं टाके, म्हणजे चूक निघाली की कोणाच्या नावाने ओरडायचं ते कळे. नवा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा, नेमका त्या आद्याक्षरांना अडखळत होता. ही काय भानगड आहे, असं तो ओळीओळीला विचारत होता. तावोंगाच्या हाताखालच्या एका पोराने सगळी अक्षरं पुसून टाकायचं सुचवलं. फायसनने त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा पुन्हा त्या टेबलाकडे फिरकला नाही. पुसायची गरजच नव्हती. बहात्तराच्या पुढे बघू नकोस, असं कंपायलरला एका शब्दात सांगता येतं. त्याने सांगितलं, आणि एकशे सेहेचाळीसातल्या ऐंशी चुका एका दमात गेल्या.

आद्याक्षरं जागच्या जागी राहिली. एम. के. म्हणजे मॅथ्यूज काफेरा, तो वारला. जे. एस. जोहान्सबर्गला गेला तो तिकडचाच झाला. डी. एन.च्या अंत्ययात्रेला फायसन गेल्या वर्षीच जाऊन आला होता. उरला एफ. एल.

बाकीच्या चुका त्याने चार दिवसांत काढल्या. काढायला दोन दिवसही पुरले असते, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. एक फाइल उघडायचा हुकूम जुन्या यंत्राच्या टेपच्या नावाने होता, तो बदलला. कुठे अक्षरं संख्येच्या डब्यात कोंबली होती, ती बाहेर काढली. एक चूक दुरुस्त केली की तिच्या आड दडलेल्या तीन पुढे यायच्या, आणि त्याला मनातल्या मनात आनंद व्हायचा. कारण चुका संपल्या की पुन्हा ते घर होतंच.

पाचव्या दिवशी एकच चूक उरली. संख्येची तुलना अक्षरांशी करता येत नाही, असं कंपायलरचं म्हणणं होतं. फायसनने ती ओळ काढून पाहिली. नोंदीचा रकाना कोरा असेल तर आदल्या दिवशीची पातळीच आजची समज, असा त्या ओळीचा अर्थ. जुनं यंत्र कोरी जागा आणि संख्या यांची तुलना बिनबोभाट करून टाकायचं, नवं काही ऐकेना. त्र्याहत्तराव्या घरात अक्षरं होती, एफ. एल. म्हणजे ओळ त्याचीच.

त्याने रकाना आधी अक्षरं म्हणून वाचायचा, कोरा नसेल तरच त्याची संख्या करायची, अशी व्यवस्था लावली. कंपायलर पहिल्यांदाच काही बोलला नाही. प्रोग्राम चालला आणि खाली आकडा आला: चार पूर्णांक बारा. अहवालात होता तोच. तावोंगाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना थंड बाटल्या मागवल्या. पोरांनी कानांतली बोंडं काढून त्याच्याशी हात मिळवले आणि परत घातली.

आता आपली दुरुस्ती नीट बसली का हे बघायचं म्हणून त्याने मकोम्बेच्या कोऱ्या दिवसांची यादी काढली. कोणीही जाणता माणूस हे करतो. वीस वर्षांत दोनशे अकरा दिवस कोरे होते. तो बोट फिरवत शहाऐंशीच्या मार्चपर्यंत आला. पातळी अशी होती: दोन पस्तीस, मग तीन अठरा, मग चार बारा. मग तीन दिवस कोरे. चौथ्या दिवशी तीन सत्तर.

नदी चढत होती. चार बारावर ती थांबली नव्हती, चार बारावर मोजणारा थांबला होता. पुढचे तीन दिवस फायसनच्या त्या ओळीने चार बारा, चार बारा, चार बारा असे भरून टाकले होते.

आणि मोजणारा का थांबला हे त्याला न सांगता कळत होतं. तो काही परक्या मुलखातला नव्हता. गावात कोणी गेलं की कुदळ उचलायची नाही, शेतावर जायचं नाही, नदीवरचं काम करायचं नाही, सगळ्यांनी मयताच्या अंगणात बसायचं. खात्यातही सगळ्यांना माहीत होतं. कोरं कार्ड आलं की मॅथ्यूज म्हणायचा, गेलं बघ कोणीतरी मकोम्बेत. कोऱ्या जागेने प्रोग्राम अडतो म्हणून फायसनने चहाला जायच्या घाईत दहा मिनिटांत ती ओळ लिहून टाकली होती. पूर आला की माणसं मरणार, माणसं मेली की कोणी मोजायला जाणार नाही, म्हणजे सगळ्यात मोठा दिवस नेमका कोराच असणार, एवढं चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि भूक नसताना जेवला. हे सांगितलंच पाहिजे असं काही नव्हतं. आकडा जुळला होता, सगळे खूश होते. ती ओळ वाचू शकणारा माणूस साऱ्या खात्यात एकच होता. मूग गिळून बसायला याहून सोयीची जागा कोणाला मिळणार? मॅथ्यूज असता तर त्याने एक शिवी हासडली असती आणि पुढे काय करायचं तेही सांगितलं असतं. विचारायला कोणीही नाही, ही गोष्ट फायसनला त्या दिवशी जितकी टोचली तितकी बायको गेली त्या दिवसांतही टोचली नव्हती.

सकाळी तावोंगा कुलूप काढत होती तेव्हा तो तिच्या मागे उभा होता.

"आकडा जुळलाय, पण खोटा आहे," तो म्हणाला. "मीच केलाय खोटा."

त्याने सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. किल्ली तशीच कुलपात.

"बाम्बो, खुंट्या ठोकून झाल्यात. गुरुवारी लोक पाया खणायला लागतील. आणि तुम्ही मला हे आज सांगताय?"

"मला काल कळलं."

"बरं, मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

तिने डोळे मिटून घेतले. ती आता ओरडणार असं त्याला वाटलं, आणि ओरडली असती तर बरंच झालं असतं. पण तिने एवढंच विचारलं की जे मोजलंच नाही ते आता कोण सांगणार. नोंदीच्या कार्डांवर पातळी वाचणाऱ्याचं नाव असायचं, तो म्हणाला. एनेलेसी म्पिंगांजिरा. जिवंत असेल तर.

ती जिवंत होती. ऐंशीच्या घरात पोचलेली, दारात चटईवर शेंगा सोलत बसली होती. फायसन तिच्यासमोर जमिनीवर बसला, रीतीप्रमाणे आधी तिची, घरच्यांची, पिकाची खुशाली विचारली, मग कामाचं बोलला. ती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती.

"कार्यालयातून माणूस यायला अडतीस वर्षं लागली," ती म्हणाली. "रस्ता वाईटच आहे म्हणा."

तावोंगाला हसू आलं. फायसनला आलं नाही. त्याने मार्चचे ते तीन दिवस सांगितले. म्हातारीचे हात शेंगांवरच थांबले. "चल," ती म्हणाली आणि काठी घेऊन पुढे झाली.

गावाची दफनभूमी नदीच्या वरच्या अंगाला, न तोडलेल्या झाडांच्या राईत होती. वाटेत तिने थोडक्यात सांगितलं. चार बारा ही नोंद तिनेच सकाळी घेतली होती. दुपारी तिचा नऊ वर्षांचा मुलगा मेक्सन शेळ्या सोडवायला खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो सापडला. माणसांनी राईच्या खालच्या कडेला खड्डा घेतला तर त्यात पाणी भरलं. वर सरकून दुसरा घेतला, त्यातही भरलं. तिसरा कोरडा राहिला.

"पाणी इथे येऊन थांबलं," ती मेक्सनच्या थडग्याच्या पायथ्याच्या दगडाला काठी लावून म्हणाली. "या दगडाला लागलं आणि मागे फिरलं. खड्ड्यात बघवत नव्हतं, म्हणून मी पाण्याकडेच बघत होते. मला सवयच होती ती."

फायसनने नदीकाठच्या मोजपट्टीच्या खांबापासून उंची मोजत आणायला सुरुवात केली. तावोंगाने स्वतः पट्टी धरली. चढ मोठा होता, सहा वेळा दुर्बिणीचं यंत्र हलवावं लागलं. शेवटी तिने पट्टी त्या दगडावर टेकवली, दुर्बिणीतून आकडा वाचताना फायसनचा डोळा सारखा भरत होता आणि त्याने तो तीनदा वाचला. सहा मीटर सात सेंटिमीटर. तिथे उभं राहिलं की चाळीस घरांच्या खुंट्या दिसत होत्या, सगळ्या खाली, त्यांना बांधलेल्या लाल चिंध्यांसकट. तावोंगा फोन घेऊन गाडीकडे गेली. पाया थांबवा, खुंट्या उपटा, हे तिचं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

काम झालं होतं. फायसन यंत्राची तिकाटी मिटायला लागला.

"आम्ही तो रकाना मुद्दाम कोरा ठेवायचो," म्हातारी म्हणाली. ती दगडाशेजारी बसली होती. "नंतर आठवून लिहिता आलं असतं. मी नाही लिहिलं. वाटायचं, तिकडे शहाणी माणसं आहेत, कोणीतरी बघेल आणि विचारेल, एनेलेसी, तुझ्याकडे कोण गेलं? माणूस नाही आला तरी चिठ्ठी येईल. त्या वर्षी तर मी खूप वाट पाहिली."

फायसन खाली बसला. हे सांगायलाच हवं होतं असं नाही, पण त्याने सांगितलं. "ती जागा मी आदल्या दिवसाच्या आकड्याने भरली, अगोगो," आजीला म्हणावं तसं तो म्हणाला.

"म्हणजे त्या दिवशी काही झालंच नाही, असं लिहिलंत."

"हो."

 मग तिने त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बोट केलं आणि त्यात काय आहे ते विचारलं. दोनशे अकरा दिवस आहेत, तो म्हणाला. वाच, ती म्हणाली.

त्याने पहिली तारीख वाचली. तिने थोडा विचार करून सांगितलं, नदीपलीकडची सुईण. त्याने तारखेपुढे पेन्सिलीने नाव लिहिलं. पुढची तिचा सासरा. पुढचे दोन दिवस जुळी पोरं, एकामागून एक. दुष्काळाचं वर्ष, पू झालेला पाय घेऊन घरी आलेला खाणकामगार, चर्चमधला घंटा वाजवणारा. ती सांगत होती, तो लिहीत होता. तावोंगाने गाडीजवळून दोनदा हाक मारली, मग वर आली आणि बाजूला बसली. मेक्सनची तारीख आली तेव्हा म्हातारीने नाव घेतलं आणि पुढची वाच म्हणाली.

शंभराच्या आसपास एक तारीख आली, नोव्हेंबरातली, एकोणनव्वदची. ती आठवत राहिली. डोळे मिटले, बोटांवर काही मोजलं, पावसाच्या आधी कोण, पावसानंतर कोण असं पुटपुटली. मग तिचा चेहरा एकाएकी वाकडा झाला आणि ती रडायला लागली. इतक्या नावांत ती पहिल्यांदाच रडत होती.

"नाही आठवत," ती म्हणाली. "कोणीतरी होतं ना रे ते. आता मी सोडून विचारायलाही कोणी राहिलं नाही."

फायसनने तिला घाई केली नाही. दुसऱ्या कोणाचं नाव तिथे ढकललं नाही. तो रकाना त्याने कोराच ठेवला, आणि ती शांत होईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिला.