एकांतात घ्यायचा नमुना

दारावर थाप पडली की वैदेहीचं बाथरूम फरशीच्या एका ओळीने आखूड व्हायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आता चारच ओळी उरल्या होत्या. माहेरचे म्हणायचे, बिल्डरने फसवलं.

दीड वर्ष तिला खाली खाज आणि जळजळ होती. तीन डॉक्टरांनी न तपासताच ‘स्वच्छता ठेवा’ म्हणून परत पाठवलं. चौथीने मात्र योनीतल्या जंतूंची तपासणी सांगितली. नमुना घरीच, स्वतःचा स्वतः घ्यायचा. किटमध्ये कापसाची लांब काडी होती, गुलाबी पाण्याची नळी होती आणि सूचनांचा कागद होता. ‘नमुना एकांतात, निवांत घ्यावा.’ कंपनीला विनोदाची बरी जाण होती.

कुरियरवाला अकराला येणार होता. पावणेअकराला तिने कडी लावली.

थाप पडली.

“कसली गं तपासणी?” सासूबाईंनी विचारलं.

“रक्ताची, आई.”

“मग हॉलमध्ये बस की. पंखा तरी आहे.”

बादली भिंतीला टेकली.

पुन्हा थाप. “माझा टॉवेल आत आहे,” शिरीष म्हणाला. हा नवरा.

“दोरीवरचा घे ना.”

“तो कडक झालाय.”

गीझर तिच्या खांद्याला लागला.

“मला फक्त दोन मिनिटं द्या.”

“अडवलंय कुणी?” दोघं एकदम म्हणाले आणि दोघांनीही थाप मारली.

तिने एक पाय उपड्या बादलीवर ठेवला आणि काडी हळूहळू फिरवत पंधरा आकडे मोजले. या घरात आल्यापासून कुणालाही न विचारता केलेली ही तिची पहिलीच गोष्ट. काडी नळीत टाकायला ती वळली, तर हातात नळी नव्हती. नळी तिच्याभोवती होती. घोट्यापर्यंत गुलाबी पाणी होतं, भिंती गोल आणि पारदर्शक, आणि दार वर, डोक्यावर.

बाहेर शिरीष फ्रिजवर कागद ठेवून तपासणीचा फॉर्म भरत होता. नाव: शिरीष.

“बाईंची तपासणी आहे ना?” कुरियरवाल्याने विचारलं.

“गॅस, लाइट, सगळं माझ्याच नावावर आहे. सोपं पडतं.”

“माझं नाव लिही!” वैदेही ओरडली. भिंतीवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं, तेवढंच.

लोणच्याच्या बरणीला लावतात तसं सासूबाईंनी पदराने धरून नळीचं झाकण घट्ट फिरवलं. मग चष्मा लावून कागद वाचला. “‘नळी दहा वेळा जोरात हलवावी.’ शिऱ्या, मोज रे.”

“एक,” शिरीष म्हणाला.