पोटावरची निळी रेघ

"याला पाव कुणी दिला?" आईनं दारातूनच विचारलं. अंगभर भुसा, हातात रिकामी बादली, आणि डोळे माझ्यावर.

"मी नाही," मी म्हटलं. मीच दिला होता.

"मी फक्त अंडं दिलं," आबा म्हणाले. "तेही अर्धं."

"आणि मी भात भरवून गेले होते! वाजले किती, अजून नऊ नाहीत!"

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो माझा दोन वर्षांचा भाऊ उंबऱ्यात बसून पाव चोखत होता. आम्ही त्याला रांजण म्हणतो. कितीही ओता, भरत नाही. बोलायला एकच शब्द शिकलाय, दे. डोळे उघडायच्या आधी दे, तोंडात घास असताना दे. रडत नाही, हट्ट करत नाही. नुसता समोर उभा राहतो आणि दे दे दे, विहिरीवरच्या पंपासारखं. शेवटी माणूस दमतो आणि देतो. आम्ही तिघंही दमलेलोच असतो. म्हणून तिघंही देत होतो, एकमेकांना न सांगता, आणि संध्याकाळी तो सगळं माझ्या अंगावर ओकायचा. माझ्याच का, ते विचारू नका.

दवाखान्यातल्या बाईंनी त्याचं पोट दाबून बघितलं होतं. "आजार काही नाही. दिवसातून चार वेळा द्या, मधे नाही. त्या पोटाला जरा बसू द्या." बाईंचं काय जातं सांगायला.

आम्ही मालकाच्या गोठ्यामागच्या दोन खोल्यांत राहतो. आई दूध काढते, आबा वैरण कापतात, आणि शाळा सुटल्यापासून अठरा वासरं माझ्या गळ्यात. शाळा कशी सुटली? मास्तरांनी मला खडू फेकून मारला. मी तोच परत मारला, आणि माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. आता दिवसभर हातात खडूच असतो. हिवाळ्यात आबांनी आणि मी एकाच वासराला दोनदा दूध पाजलं. हगवण लागली, दोन दिवसांत गेलं बिचारं. तेव्हापासून ज्याचं दूध झालं त्याच्या कपाळावर निळी रेघ ओढायची. रेघ दिसली की ते कितीही हंबरू दे, बादली पुढे न्यायची.

"यालाही ओढा रेघ, म्हणजे मिटलं," मी चिडून म्हणाले.

मी चिडून बोलले, आणि आई विचार करायला लागली. "पोटावर ओढू," ती म्हणाली. "सदरा वर केला की दिसेल. पुढची वेळ झाली की पुसायची."

"लेकरू आहे की वासरू?" आबा म्हणाले, पण खडू त्यांनीच आणून दिला.

आणि जमलं की! आठ दिवस ओकारी नाही. रांजणालाही गंमत वाटायची. खाणं झालं की स्वतःच सदरा वर धरायचा, गुदगुल्या व्हायच्या, खिदळायचा. मधे दे म्हणत आला की मी सदरा वर करून बघायची आणि रेघेवर बोट ठेवायची. "हे काय? झालंय तुझं. चल, फूट."

नवव्या दिवशी पहाटेच एक गाय अडली. आई आणि आबा पलीकडच्या गोठ्यात गेले ते गेलेच. गरम वारा सुटला होता, भुसा नाका-डोळ्यांत जात होता. मी एकटी, अठरा वासरं, आणि पायाशी हा. दे.

मी सदरा वर केला. पोट निळं. म्हटलं, आबांनी जाता जाता भरवलं असेल.

"झालंय तुझं."

दे.

"रांजण्या, डोकं खाऊ नकोस."

दुसऱ्या ओळीतल्या तांबड्या वासराचं कपाळ कोरं होतं. मला वाटलं होतं याला पाजलंय, पण रेघ नाही म्हणजे नाही. बादली लावली. रांजण आला आणि कोपरापर्यंत हात दुधात. मी त्या हातावर चापट मारली. चांगली सणसणीत. त्यानं हात काढून घेतला, बोटं चाटली, आणि तिथंच बसून वासराला पिताना बघत राहिला. रडला नाही. गप्प बसला तेव्हा मला बरंच वाटलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आबा पाणी प्यायला आले. "कालवड झाली. दोघी ठीक आहेत. पोराला काय भरवलंस सकाळी?"

"मी? तुम्ही भरवलंत ना?"

"मी कधी? आम्ही दोघंही अंधारातच गेलो."

"मग रेघ कुणी ओढली?"

"आज मी खडूला हातसुद्धा लावला नाही गं."

रांजण भुशाच्या ढिगावर आडवा पडला होता, अंगठा तोंडात. मी सदरा वर केला. रेघ नव्हतीच ती. तळव्याएवढा निळा डाग होता, फासल्यासारखा, आणि त्याला तांबडे केस चिकटले होते. वासराच्या कपाळावरचे.

वासरं दुधासाठी ढुशा देतात. हा वासरांमधून फिरत असेल, त्या तांबड्यानं याच्या पोटात डोकं घातलं असेल, आणि त्याची रेघ याला आली. त्याला मी दोनदा पाजलं. याला एकदाही नाही.

"मी चापटही मारली याला, आबा."

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "त्या तांबड्याला संध्याकाळपर्यंत दूध नको. मी बघतो त्याच्याकडे. तू याला घे."

मी त्याला कडेवर घेतलं. नेहमीसारखाच जड होता, पण मान माझ्या खांद्यावर टाकलेली. घरात भात होता, तो दुधात कालवला. आधी पोटावरचा डाग ओल्या फडक्यानं पुसून काढला, मगच पहिला घास दिला. तो हावरटासारखा खाईल असं वाटलं होतं. त्यानं हळूहळू खाल्लं, माझ्या तोंडाकडे बघत, प्रत्येक घासाला विचारल्यासारखं.

वाटी संपली. तो उठला, दोन्ही हातांनी सदरा वर केला, पोट पुढे काढलं आणि उभा राहिला.

खडू खिशातच होता. मी नाही काढला.

त्यानं बराच वेळ वाट बघितली. मग आपल्या कोऱ्या पोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला,

"दे."