नापास मास्तरीण

माझ्या नवऱ्याच्या, हॅरल्डच्या थडग्याची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिवंतपणी हॅरल्डने मला एकही थाप पचू दिली नाही, तेव्हा मेल्यावर तरी सोडेल असं समजू नका.

माझी नात मर्ना गेल्या वर्षी अकरावीच्या बीजगणितात आपटली. साठला पास, हिला अठ्ठावन्न. दोष त्या बर्फाच्या वादळाचा. आमच्या नेब्रास्कात बर्फ नवं नाही, पण त्या जानेवारीत तारांवर एवढं जाड बर्फ धरलं की कावळा बसला की घसरगुंडीवरून गेल्यासारखा थेट शेजारच्या काउंटीत उतरायचा. नऊ दिवस वीज नव्हती. मग कॅन्ससहून लाईनमन आले, खांबांवर चढले, आणि आमची मर्ना खांबाखाली मान वर करून उभी राहिली ती उन्हाळ्यापर्यंत. गृहपाठ कोण करणार? तिला लाईनमन व्हायचं होतं. पण लाईनमनच्या कॉलेजने कळवलं, आधी बीजगणित पास, मग खांब.

ऑगस्टमध्ये बारावीचं गणित निवडायला शाळेच्या कौन्सिलर प्रेंटिसने आम्हाला बोलावलं. मर्ना, तिची आई म्हणजे माझी लेक कॉरीन, आणि मी. मला बोलावलं नव्हतं, पण गाडी माझी होती.

प्रेंटिस कुणाला नाही म्हणत नाही. त्याच्या मते प्रत्येक वाट सुंदर असते. त्याने तीन सुंदर वाटा पुढे ठेवल्या.

पहिली, ‘जीवनासाठी गणित’. फुटबॉलचा कोच शिकवतो. माझ्या वेळी याला ‘सोपं गणित’ म्हणायचे, कॉरीनच्या वेळी ‘उपयोगी गणित’. नाव दर काही वर्षांनी धुऊन काढतात, आतला माल तोच. परीक्षेत पिझ्झाचे आठ समान तुकडे करायचे आणि खायचे. उरला तर नापास. पण लाईनमनच्या कॉलेजात हे चालत नाही.

दुसरी, बारावीचं वरचं गणित. त्यासाठी बीजगणित पास हवं. नसेल तर गुलाबी फॉर्म. मास्तर नको म्हणतात, आईबाप सही करतात, की आमच्या पोराचं बरंवाईट आम्ही बघू. आमच्या गावात या फॉर्मवर सही न करणं म्हणजे आपलं पोर मठ्ठ आहे असं अंगणात पाटी लावून सांगणं. त्यामुळे सगळे सही करतात. सप्टेंबरात त्या वर्गात चाळीस पोरं बसतात, नाताळला अकरा उरतात, आणि बाकीच्या एकोणतीस जणांना म्हणे मास्तरीण नीट शिकवत नाही. कॉरीनने सही घरूनच करून आणली होती. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या विद्यापीठाचं स्टिकरही लावून झालं होतं. हो, माझ्याच गाडीच्या.

तिसरी वाट, तेच बीजगणित पुन्हा. तीच मास्तरीण, मिसेस ऑस्ट्रँडर. वर्ग अकरावीचा. आणि त्या वर्गात यंदा मर्नाचा धाकटा भाऊ वेंडेल.

"धाकट्या भावाच्या शेजारी बसणार तू?" कॉरीन म्हणाली. "चर्चमध्ये तोंड कसं दाखवू मी?"

"आई, मी पहिल्या पायरीवरून पडलेय," मर्ना म्हणाली. "आणि तू मला सरळ गच्चीवर पाठवतेस."

कॉरीनने गुलाबी फॉर्म पुढे सरकवला. मर्नाने तो परत सरकवला. तो कागद टेबलावर चार वेळा आला-गेला. प्रेंटिस दोघींकडे बघून हसत होता. शेवटी मीच पेन उचललं आणि तिसऱ्या वाटेच्या कागदावर ठोकली सही. शाळेच्या दप्तरी पालक म्हणून माझंही नाव आहे. प्रेंटिस म्हणाला, प्रत्येक सही सुंदर असते.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी घेताना डार्लीन कुबिचेकने गाठलंच. तिच्या थोरल्या नातीचा गुलाबी फॉर्म मंजूर झाला होता आणि हे सगळ्या टेबलांना कळलं होतं. मर्ना म्हणे पुन्हा अकरावीच्या वर्गात बसते? आवाजात एवढी दया, की कॉफी गोड लागायला लागली. कॉरीनचा चेहरा बिटासारखा झाला.

"बसते ना," मी म्हटलं. "ऑस्ट्रँडरबाईंना एकटीला झेपत नाही, म्हणून मदतीला बसवलंय."

सोमवारी चार वाजता डार्लीनचा धाकटा नातू केसी बीजगणिताची वही घेऊन आमच्या दारात. मंगळवारी आणखी दोघं. मर्ना मला फ्रीजमागे ओढून म्हणाली, "आजी, मी नापास आहे गं! आणि तू मला मास्तरीण करून टाकलंस?"

मी म्हटलं, खरं सांगून टाक. तिने दाराकडे पाहिलं. तिथे कॉरीन ताठ मानेने पोरांसाठी खुर्च्या मांडत होती. मर्नाने सुस्कारा टाकला आणि जाऊन बसली.

मग मर्नाने रोज पोरं यायच्या आत पुढचा धडा वाचायचा. केसी जात्याच चिवट. प्रत्येक ओळीला विचारायचा, हे का? इथून तिथे कशी गेलीस? आजवर मर्ना नुसतं उत्तर लिहून मोकळी व्हायची. आता एकेक पायरी लिहून दाखवावी लागे, आणि अडली की वेंडेल दात काढायचा. दोनदा तिने वही भिरकावली. एकदा ती माझ्या सूपमध्ये पडली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला तयार.

मेमध्ये तिला पंच्याहत्तर मिळाले. वेंडेलला त्र्याहत्तर. तो अजून सांगतो की ताईला त्यानेच शिकवलं. डार्लीनची थोरली नात वरच्या गणितात आपटली, बारावीच्या प्रमाणपत्र-समारंभात तिच्या हातात नुसती रिकामी गुंडाळी दिली आणि जूनभर तिला शाळेत बसवलं. डार्लीन म्हणते मास्तरीण नीट शिकवत नाही.

मर्ना ऑगस्टपासून लाईनमनच्या कॉलेजात आहे. चाळीस फूट उंच खांबावरून आईला फोन करते आणि कॉरीन इकडे डोळे मिटून बोलते.

आता हॅरल्ड टोचायला लागलाय, म्हणून सांगते. कावळे घसरले ते खरं. ती सही मात्र माझी नव्हती. शाळेच्या दप्तरी माझं नावबीव काही नाही. चौथ्यांदा कागद परत आला तेव्हा कॉरीननेच गुलाबी फॉर्म फाडला आणि तिसऱ्या वाटेच्या कागदावर सही केली. पण हे आधी सांगितलं असतं, तर लेकीची एवढी टिंगल मला करता आली असती का?