बाईची तीट

“एक शोधत होतो, दोन निघाल्या,” विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही कुंच्या चटईवर शेजारीशेजारी ठेवल्या. “आता यातली रोशनची कोणची, सांग.”

जयाला सांगता आलं नाही. दोन्ही एकाच लाल खणाच्या. दोन्हींना तोच हिरवा काठ, कपाळावर तीच पिवळी वेल, मागे त्याच बारीक चुण्या. पेटीतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट वास दोन्हींना सारखाच.

जयाच्या लेकाची, रोशनची मुलगी यवतमाळला दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. दिवस भरायच्या आधीच आली, आणि आल्या आल्या तिला कावीळ दिसली. आज दुपारी रक्ताचा रिपोर्ट येणार होता. चांगला आला तर संध्याकाळी सुट्टी. या घरातलं लेकरू पहिल्यांदा उंबरा ओलांडायचं ते जयाच्या सासूबाईंच्या, रुखमाबाईंच्या हातच्या कुंचीतच. रोशन तसाच आला होता, विमलताईंची दोन्ही मुलंही; त्यांच्या कुंच्या बाभुळगावला होत्या. रुखमाबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण सुनेने, सुरभीने दवाखान्यातून फोनवर तेवढंच मागितलं होतं. “आई, ती आजीची कुंची काढून ठेवा हं.” म्हणून विमलताई सकाळच्या गाडीने बाभुळगावहून लोहाऱ्याला भावाकडे, घनश्यामकडे आल्या, आणि दोघी नणंद-भावजयींनी मिळून माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली.

पण रोशनच्या आधी जयाला एक मुलगी झाली होती. पायल. थंडीत आली आणि ऊन तापायच्या आत गेली. तिचं सगळं तिच्याबरोबर गेलं, असंच जया इतकी वर्षं समजत होती.

“बाईनं हे कायले ठेवलं असन?” आईला बाईच म्हणणाऱ्या विमलताईंचा आवाज खाली आला. त्यांनी पायलचं नाव घेतलं नाही.

गेलेल्या लेकराचा कपडा नव्या लेकराच्या अंगावर घालत नाहीत, एवढं दोघींनाही सांगावं लागत नव्हतं. जयाने हात मागे घेतला. चुकून तीच उचलली असती तर, हा विचार तिने अर्ध्यावरच थांबवला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागली.

“चहा तरी घे,” विमलताई म्हणाल्या. “दोन दिस झाले, अळणी खाऊन राह्यली म्हणते घनश्याम. देव काय तुयं मीठ मोजत बसला हाये?”

“पोरगी घरी येईपर्यंत नवस बोलली आहे, ताई.”

“बोल मंग. अन तूच चक्कर येऊन पडली का तुले बी ठेवू काचेच्या पेटीत.”

जया थोडी हसली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचं आयुष्य गेलं. गावातलं प्रत्येक लेकरू तिने वजनाच्या काट्यावर ठेवलं होतं आणि आयांना सांगितलं होतं, घाबरू नको, भरेल अंग. आता तेच तिला स्वतःला सांगावं लागत होतं.

कुंच्या तशाच ठेवून दोघींनी बाकीचं वेगळं करायला घेतलं. हात चालू राहिले की मन जरा जागेवर राहतं. दुपटी एकीकडे. क्रोशाचे रुमाल एकीकडे. कसरीने खाल्लेलं मण्यांचं तोरण दाराशी. उशीच्या एका अभ्र्यावर निळ्या दोऱ्याने ‘सुभ रात्री’ भरलेलं निघालं.

“हे पाह्य,” विमलताईंनी अभ्रा डोळ्यांजवळ धरला. “बाबा म्हणत, तुया ‘सु’नं माही झोप मोडते. बाई म्हणे, मंग उशी पलटवून घ्या.” त्या अभ्र्यावर बोट फिरवत राहिल्या आणि एका अक्षराच्या पोटात थांबल्या. “अन ही तीट.”

निळ्या दोऱ्यात तीळभर काळा टाका. रुखमाबाईंच्या हातून काहीही सुंदर झालं की त्या त्यात कुठेतरी एक काळा टाका घालत. लेकराच्या गालाला काजळाचं बोट लावावं तसा. मोराच्या पायात, वेलीच्या देठात, कमळाच्या पाकळीआड. कुठे घातला ते विचारलं तर मान हलवत. “सांगतली का उतरते,” म्हणत. लहानपणी विमलताईंचा तोच खेळ असे, बाईची तीट शोधायचा.

“अव, मंग कुंचीतली तीट पाहू ना,” त्या एकदम म्हणाल्या. “त्याच्यावरून काही समजलं तर.”

जया दुपट्याची घडी घालत होती. घडी न मोडता ती हळू म्हणाली, “जिच्यात तीट आहे ती रोशनची.”

“अन दुसरीत?”

“दुसरीत नाही.”

“असं होतच नाही. बाईनं टोपडं शिवलं तरी—”

“मी पाहिलं होतं, ताई. तिला ताप होता तेव्हा. पूर्ण कुंची पाहिली होती मी. कपाळ, काठ, बंद. नव्हती.”

पुढचं जयाने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. पहिली मुलगी म्हणून बाईंनी तीट लावली नाही, असं तिने तेव्हा मनाशी धरलं होतं. मग रोशन झाला, आणि त्याच्या कुंचीत कपाळाशीच काळा टाका दिसला. त्यानंतर बाईंना वाढताना, त्यांचे पाय चेपताना, शेवटी त्यांना कुशीवर वळवताना जयाचे हात कधी चुकले नाहीत. पण रोज देवापुढे दिवा लावून हात जोडले की तो टाका डोळ्यांपुढे येई, आणि ती देवाला म्हणे, एवढं माझ्या मनातून काढ.

विमलताई दोन्ही कुंच्या दारातल्या उजेडात घेऊन गेल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वेल न्याहाळली.

“ही पाह्य. पानाखाली. ही रोशनची.” मग दुसरी. बराच वेळ. “याच्यात नाही व. खरंच नाही.”

त्यांनी रोशनची कुंची जयाच्या मांडीवर ठेवली. दुसरी एका जुन्या रुमालात गुंडाळून पिशवीशेजारी ठेवली. “हे मी घेऊन जातो. जाता जाता नदीत सोडतो. घरात नको आता. पोरगी येऊन राह्यली.”

“आण इकडे,” जया म्हणाली. “रुमाल तरी चांगला बांधते.”

रुमाल सोडताना कुंचीची मागची झूल तिच्या तळव्यात आली. चुण्यांच्या खाली काहीतरी टणक लागलं. अस्तरात गाठ असावी तसं. तिने चिमटीत धरून पाहिलं. वरून खण नुसता लाल. आतून अस्तराची पांढरी मलमल, तीही कोरी. टणक जे होतं ते दोहोंच्या मधे होतं.

“ताई, कात्री द्या.”

अस्तराची शिवण जुनी होती, कात्री लागताच सुटली. आतल्या बाजूला, खणाच्या पाठीवर, रुपयाएवढा काळा ठिपका होता. एक टाका नव्हता तो. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका, सुई शिरायला जागा उरली नाही तोवर. काही टाके शिवणदोऱ्याचे, काही लोकरीचे, काही विटलेल्या काळ्या सुताचे, लुगड्याच्या काठातून ओढून काढल्यासारखे. घरात काळं म्हणून जे सापडलं ते. तरी वरच्या खणावर एकही टाका उमटू दिला नव्हता.

विमलताई खाली बसल्या.

“मी तवा आलती माहेरी,” त्या म्हणाल्या. “पोरीले ताप होता तवा. बाई रोज दिवा लावला का तुयशीजवय सुई घेऊन बसे. मी म्हटलं, बाई, डोये कायले फोडून राह्यली? तं म्हणे, उसवलं हाये.” त्यांनी उसवलेलं अस्तर बोटाने सरकवलं. “रोजच कसं उसवन, हे मले तवा सुचलं नाही.”

जयाने ठिपक्यावर अंगठा ठेवला. खरखरीत होता. किती संध्याकाळी असतील, हे तिला मोजता आलं नाही. आत माजघरात ती पायलला मांडीवर घेऊन बसलेली, बाहेर बाई अंगणात. मधे एक भिंत. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. बाईंनी तर सांगायचंच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. रोशन होता.

“आई, रिपोर्ट आला नाही अजून. मशीन बंद आहे म्हणते. तासभर लागन.”

“ती कशी आहे?”

“झोपून आहे. आई, तू जेव ना काही.”

“हो,” जया म्हणाली.

विमलताईंनी रुमाल पुढे केला. “बांध. नदीत—”

“राहू द्या, ताई.”

“अव, पण—”

“घरातली आहे. घरात राहू द्या.”

जयाने नणंदेला आजवर असं कधी म्हटलं नव्हतं. विमलताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहाचे कप घेऊन मोरीकडे गेल्या.

जयाने पायलच्या कुंचीचं अस्तर पुन्हा जागेवर बसवून हलक्या टाक्यांनी शिवलं. मग रोशनची कुंची उलटी केली. तिच्याही झुलीचं अस्तर बोटभर उसवलं. सुईत काळा दोरा ओवायला तीनदा प्रयत्न करावा लागला. तिने पहिला टाका घातला. नाव घेतलं. दुसरा घातला.

बाहेर नळाचं पाणी वाजत होतं. टाके घालता घालता मधेच फोन पुन्हा वाजला. तिने आधी गाठ मारली, दोरा दाताने तोडला, मग फोन उचलला.

“आई, पाच वाजता सोडून राह्यले. रिपोर्टमधे कावीळ कमी आली, पण दोन दिवसांनी अजून एकदा दाखवा म्हणते. तुमाले न्यायले बाबा येऊन राह्यले ऑटो घेऊन. कुंची सापडली ना?”

“सापडली.”

अस्तर मिटायला तिने घाईघाईने पांढरा दोरा घेतला. विमलताई पदराला हात पुसत आत आल्या तेव्हा शेवटचे टाके चालू होते.

“काय करून राह्यली व?”

“काही नाही, ताई. उसवलं होतं.”

विमलताईंची नजर चटईवर गेली. तिथे वीतभर काळा दोरा पडला होता. त्यांनी तो पाहिला. मग खाली वाकून उचलला, बोटाला गुंडाळला आणि काही न विचारता आपल्या बटव्यात टाकला.

“चाल,” त्या म्हणाल्या. “घनश्याम आला वाटते. अन पेटी तशीच राहू दे उघडी. आल्यावर लावू.”