वरून काय दिसतं

“हे मी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” तोफआजोबा म्हणाले, “पण एकदा माझ्या क्रेनच्या हुकाला चाळीस टनांचं ओझं लटकत असताना मी खालच्या माणसांची एकेक करून चौकशी केली होती. नाव काय, घरी कोण कोण. आणि मग ठरवलं, ओझं कुणाच्या अंगावर सोडायचं ते!”

“झाली तोफ सुरू,” चहाला आलेला न्हावी म्हणाला.

“बाबा, आज तरी तोंडाला कुलूप घाला!” स्वयंपाकघरातून सून ओरडली.

कुलूप घालतील तर ते आजोबा कसले! त्यांनी उभा जन्म कारखान्यातल्या क्रेनवर काढला होता. छताखालच्या रुळांवरून धावणारा लोखंडी पूल, पुलाखाली लटकणारी काचेची खोली, आणि त्या खोलीत एकटे आजोबा. दिवसभर तोंड बंद ठेवून बसलेला माणूस खाली उतरला की साठलेलं सगळं एकदम बाहेर पडणारच. त्यांच्या गोष्टींत क्रेनने साहेबाची मोटार साहेबासकट कँटीनच्या छपरावर ठेवली होती, पावसाचे ढग बाजूला सारले होते. ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी तीच क्रेन नातीच्या हातात आली, तेव्हा तिच्याबद्दल बोलताना मात्र त्यांना थाप मारायची गरजच उरली नाही. खरं तेच इतकं मिरवण्यासारखं होतं.

ती नात आता भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती. आठवडा झाला, तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

झालं होतं ते असं. तिच्या क्रेनला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा लटकत असताना एका बाजूचा दोर तुटला. गठ्ठा तिरका झाला. बरोबर खाली पाच जण एक यंत्र उघडून त्यात डोकं खुपसून बसले होते. तिने क्रेन बाजूला नेली. गठ्ठा सुटला तो मधल्या वाटेच्या टोकाला भिंतीपाशी, आणि तिथेच इशारेवाला उभा होता. जमिनीवरून हाताच्या खुणांनी तिला रस्ता दाखवणारा तो माणूस जागच्या जागी गेला. पाच वाचले. साहेब घरी येऊन तिची पाठ थोपटून गेले. तिने त्यांच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

“मी म्हणतो, पोरीने केलं ते सोळा आणे बरोबर,” न्हावी म्हणाला. “पाच गेले असते तर पाच घरांत अंधार झाला असता. आता एकाच घरात झाला. यात तोंड शिवून बसण्यासारखं काय आहे?”

“तुझं बरं आहे रे,” शेजारच्या मास्तरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “उद्या पाच पेशंट मरायला टेकले म्हणून डॉक्टरने तुलाच टेबलावर घेतलं, कुणाला तुझं मूत्रपिंड, कुणाला तुझं काळीज वाटून टाकलं, तर चालेल?”

“माझं काळीज कोण घेणार, बाई? बायको तर म्हणते, ते मला नाहीच!”

“हसण्यावारी नेऊ नकोस. मरण ज्यांच्या डोक्यावर आलं होतं त्यांच्या डोक्यावर आलं होतं. ते उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं, म्हणजे देवाच्या खुर्चीत जाऊन बसायचं.”

“आणि नुसतं बघत बसायचं म्हणजे? बघत बसणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात होय?”

मास्तरीणबाई उत्तराला तोंड उघडणार, तोच दार लोटून एक बाई आत आली. इशारेवाल्याची बायको होती ती. न्हाव्याने कप हळूच खाली ठेवला. मास्तरीणबाईंनी सरकून जागा केली. ती बसली नाही.

“मी भांडायला आले नाही,” ती नातीच्या पाठीला म्हणाली. “रोज कुणी ना कुणी येतं आणि सांगतं, तुझा नवरा गेला, पण पाच वाचले. बरं झालं वाचले. मी कुणाला काही म्हणत नाही. मला एवढंच सांग पोरी, तो तुला दिसत होता का? दिसत असताना आणलंस का ते त्याच्यावर?”

नातीने भिंतीला कपाळ टेकलं.

बाई वाट पाहत उभी राहिली. मग खांद्यावरची पिशवी सावरून म्हणाली, “बरं.” आणि दाराकडे वळली.

तोफआजोबा उठले. इतके दिवस त्यांनी नातीच्या विनवण्या केल्या होत्या, रागावून पाहिलं होतं, स्वतः ताटावरून उठून गेले होते. पोरगी ढिम्म. आता हा प्रश्न असाच माघारी गेला, तर ही जन्मभर भिंतीला चिकटून बसणार आणि ती बाई जन्मभर उत्तर शोधत फिरणार. शहाण्या माणसाने अशा वेळी दोन चांगले शब्द काढले असते. आजोबांना ती विद्या येत नव्हती. त्यांना एकच विद्या येत होती, आणि एक गोष्ट पक्की ठाऊक होती. क्रेनबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं या पोरीला सोसत नाही. लोकांनी जोडे मारले तरी चालतील, पण आता माघार नाही, असं मनाशी घट्ट ठरवून ते दारात आडवे उभे राहिले.

“बस, मुली. माझी गोष्ट अर्धी राहिलीय.”

“बाबा!” सून हात पुसत बाहेर आली. “लाज आहे का काही?”

“ती नोकरीबरोबरच सुटली. तर काय सांगत होतो, चाळीस टन.”

“सांगू दे त्यांना,” इशारेवाल्याची बायको थकून म्हणाली. “सगळेच सांगतायत.”

“माझाही दोर असाच तुटला,” आजोबांनी सुरुवात केली. “आता ओझं सुटायचं म्हणजे काय लगेच सुटतं? त्याला आपला वेळ लागतो. मी सिगारेट पेटवली.”

“अहो, काहीतरीच!” न्हावी पुटपुटला.

“डबाही उघडला होता, पण भूक मेली होती. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डावीकडे पाच जण, उजवीकडे एक. वरून हाक मारली, कोण रे तुम्ही? पहिला म्हणाला, मला दोन पोरं. दुसरा म्हणाला, घरी म्हातारी आजारी. तिसऱ्याचं लग्न ठरलेलं. चौथा म्हणाला, मी तोंडाचा फाटका आहे, पण मनाने चांगला…”

कुणी हसलं नाही. मास्तरीणबाईंनी मान फिरवली. आजोबांच्या कपाळावर घाम डवरला होता. पण नातीचे खांदे ताठ झालेले त्यांनी तिरक्या नजरेने टिपले, आणि गाडी पुढे रेटली.

“पुरे, आजोबा,” न्हाव्याने उठून त्यांचा दंड धरला. “या बाईसमोर तरी नको.”

आजोबांनी दंड हिसकावून घेतला. “मग मी उजवीकडच्या एकट्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. त्याचा चेहरा, डोळे, गालावरचा तीळ. म्हटलं, बाबा रे, तू एकटा आणि ते पाच. माफ कर. आणि मोजूनमापून ओझं त्याच्या…”

“खोटं!”

स्टूल आडवं झालं. नात उभी होती.

“साफ खोटं! वरून चेहरा दिसतच नाही. ओझं मध्ये येतं. खाली कोण आहे, किती आहेत, काही दिसत नाही. पाच होते हे मला खाली उतरल्यावर कळलं! मी कुणाला मोजलं नाही!”

आजोबा मटकन खाली बसले. पुढची गोष्ट त्यांनी गिळली ती कायमची.

“मग काय दिसतं?” इशारेवाल्याच्या बायकोने विचारलं.

“हात.” इतक्या दिवसांत न वापरलेला आवाज गंजल्यासारखा येत होता. “काकांचा हात. आम्ही हात बघून चालवतो, काकू. हात दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं, हा नियम. दोर तुटला तेव्हा काका पळाले असते तर मला हात दिसला नसता. मी थांबले असते. तिथेच, त्या पाचांच्या डोक्यावर. एरवी ते मागे मागे सरत मला नेतात. त्या दिवशी त्यांच्या मागे भिंत होती. ते हलले नाहीत. मला बोलावत राहिले. इकडे ये, इकडे ये. शेवटपर्यंत हात खाली आला नाही.”

“अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?” मास्तरीणबाईंचा आवाज बारीक झाला होता.

“कसं सांगू? त्यांनीच बोलावलं म्हणून? गेलेल्या माणसावर ढकलून मी मोकळी होऊ?”

इशारेवाल्याच्या बायकोने पिशवी खाली ठेवली. उजवा हात वर केला, पंजा स्वतःकडे वळवला, आणि बोटं हलवून पाहिली.

“असा?”

नात पुढे आली आणि तिने बाईचं कोपर धरलं.

“थोडा वर,” ती म्हणाली.