किल्ल्याचा गेम

एकनाथ तामोरेनं दिवाळीच्या बोनसात टीव्ही गेम आणला, तेव्हा वत्सला दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. काळा डबा, दोन रिमोट आणि तीन पिवळ्या कॅसेटी. घरात मिक्सर नाही, पावसात गळणाऱ्या कोपऱ्यावर पत्रा नाही, आणि हा माणूस खेळणं घेऊन आला. पण एकनाथला बोईसर स्टेशनसमोरच्या पार्लरमध्ये उभं राहून खेळायची सवय होती. तो म्हणाला, "घरातच खेळीन. मग तर झालं?"

आणि खरंच तो घरी राहू लागला. पहिली पाळी संपवून चारच्या सुमाराला यायचा, चहा घ्यायचा, की बसलाच टीव्हीपुढं. रणगाड्यांचा एक गेम होता, मोटारसायकलच्या शर्यतीचा एक होता, पण त्याचा जीव जडला होता तो किल्ल्याच्या गेमवर. भाला घेतलेला एक शिपाई आठ टप्प्यांचा किल्ला पार करत जातो. एकनाथ सहाव्या टप्प्यापर्यंत पोचायचा. तिथं एक पूल होता. पाय ठेवला की फळी खाली पडायची. त्या पुलावरून एकनाथ कधीच पार झाला नाही.

"एकदा पुढं जाऊन बघायचं हाय, काय हाय तिकडं," तो म्हणायचा. वत्सला मासे साफ करता करता म्हणायची, "तिकडं भात शिजवायला कोन हाय काय बघा."

एकनाथ दातिवऱ्याचा, वत्सला शेजारच्या एडवणची. त्याचे वडील जानू अजून होडी चालवत होते, पण एकनाथचं मन दर्यात रमलं नाही. तारापूरच्या कारखान्यांपैकी एका रंगाच्या कंपनीत तो चार वर्षं होता. लग्नानंतर दोघं बोईसरच्या चाळीत आली.

जानेवारी चौऱ्याण्णवमध्ये, एका सकाळी, कॉस्टिक सोड्याच्या पंपाच्या सांध्यातलं रबरी गॅस्केट फाटलं आणि उकळता फवारा एकनाथच्या तोंडावर आला. शेजारी काम करणाऱ्या रामकिसननं त्याला ओढत नळाखाली नेलं आणि पाऊण तास पाणी ओतलं. रामकिसन गोरखपूरकडचा, चाळीतच दोन खोल्या सोडून राहणारा. त्याच्यामुळं जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. डोळे मात्र वाचले नाहीत. डावा पार गेला, उजव्याला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

मुंबईच्या इस्पितळातून एकनाथ शिमग्याच्या आधी घरी आला. मग तो भिंतीला टेकून बसला तो बसलाच. जेवण समोर ठेवलं की जेवायचा, विचारलं की हं म्हणायचा. त्याची आई येसूबाई सुके बोंबील घेऊन आली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडली, "चल, घरी चल," म्हणाली. त्यानं मान हलवली. "दातिवऱ्याला सगळं गाव बघायला येल," तो म्हणाला. "इथं मला कोन बघत नाय."

एका दुपारी अचानक तो म्हणाला, "गेम लाव."

वत्सलानं कॅसेट बसवली. रिमोट हातात घेऊन, मान तिरकी करून, तो नुसत्या आवाजावर खेळू लागला. पहिल्या दरवाजापर्यंत गेला. वटवाघळाचा चिरका आवाज आला, त्यानं उडी मारली, पण उशिरा. शिपाई मेला. पुन्हा लावला, पुन्हा मेला. पाचव्यांदा त्यानं रिमोट भिंतीवर आपटला. वत्सला उठून तो उचलायला गेली.

"तुटला काय?"

"नाय."

"मग तू धर."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"मी सांगतो. तू फक्त बोटं चालव."

तिनं रिमोट धरला तो कोयता धरावा तसा. एकनाथ हसला नाही, पण त्याच्या तोंडाजवळ काहीतरी हललं. "डावीकडून दोन येतील. पहिल्याला मार, दुसऱ्याला जाऊ दे. आता शिडी. शिडीवर थांबू नको. वरून दगड येतो, मी तीन म्हणलं की उडी." सगळा किल्ला त्याच्या डोक्यात होता. आवाज बदलला की कुठं काय आहे ते तो सांगायचा, आणि दगड बरोबर तिथंच पडायचा.

सुरुवातीला सराव म्हणून ते रणगाड्यांचा गेम खेळले, मग शर्यतीचा. शर्यतीत वत्सला प्रत्येक वळणाला अंगानंही कलायची. तिचा खांदा त्याला लागायचा. "अगो, रस्ता टीव्हीत हाय," एकनाथ म्हणाला आणि इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसला. वत्सलाला रडू फुटलं, पण तिनं आवाज होऊ दिला नाही.

चाळीत कुजबुज झाली. नवरा आंधळा झाला आणि ही बाई भरदुपारी गेम खेळते. समोरच्या खोलीतली लाडकी तर तोंडावर तसं म्हणाली. वत्सलानं खिडकी लावून घेतली.

पण गेमवर पोट भरत नाही. एप्रिलमध्ये कंपनीनं वत्सलाला बोलावलं. ऑफिसात पंखा फिरत होता. साहेबानं एक टाइप केलेला कागद पुढं केला. वत्सला सातवी शिकलेली. तिनं तो दोनदा वाचला. कामगारास संरक्षक चष्मा देण्यात आला होता, त्याने तो वापरला नाही, अपघात त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाला, असं त्यात होतं. ते चष्मे कपाटात कुलूपबंद असायचे आणि तपासणीवाले आले की बाहेर निघायचे, हे एकनाथनं तिला कितीदा सांगितलं होतं. कागदाखाली साक्षीदार म्हणून एक सही आधीच होती. रामकिसनची.

"तुम्ही नवऱ्याच्या वतीनं सही केलीत तर सोमवारपासून पॅकिंगला या," साहेब म्हणाला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. "नाही केलीत तर भरपाईसाठी कोर्टात जा. दहा वर्षं लागतील."

तिनं सही केली. दरवाजातून बाहेर पडताना तिला वाटलं, मागं जाऊन तो कागद फाडावा. पण पाय पुढंच चालत राहिले.

घरी येऊन ती म्हणाली, "धाग्याच्या कंपनीत काम मिळालं. पॅकिंगचं."

"नि आमच्या साहेबानं काय सांगितलं? कशाला बोलवलेलं?"

"म्हनाला, डोळा सुधारू दे. मग हलकं काम देऊ."

एकनाथनं हात जोडले, भिंतीकडं तोंड करून. त्या क्षणी तिला आपलीच किळस आली.

मग रोजचं सुरू झालं. पहाटे भात टाकायचा, सातला कंपनीत, तीनपर्यंत रंगाची पावडर पिशव्यांत भरायची. सुटल्यावर ती नळावर साबणानं हात घासायची. वास थोडा जायचा, पिवळेपणा जायचा नाही. तो त्याला दिसणार नव्हता. घरी येऊन चहा झाला की किल्ला. रामकिसन दर पंधरा दिवसांनी सुट्टी टाकून एकनाथला डोळ्यांच्या डॉक्टरकडं मुंबईला न्यायचा. वत्सलाच्या नजरेला तो नजर देत नसे, तीही त्याला देत नसे. दोघांनाही एकमेकांच्या सहीचं माहीत होतं. आणि गाडीत एकनाथचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

श्रावणात, असाच एकनाथ मुंबईला गेला असताना, वत्सलाला सुट्टी होती. बाहेर पाऊस लागला होता. तिनं एकटीनंच गेम लावला. सांगणारं कुणी नव्हतं, तरी बोटं आपोआप चालली. पाचवा टप्पा संपला, पूल आला. एकनाथ तिथं नेहमी सांगायचा, धावत जा. ती धावली नाही. तिनं प्रत्येक फळीवर एकच उडी मारली, थांबून, फळी हलली की पुढची. शिपाई पलीकडं पोचला.

धून बदलली. इतका वेळ जी धापा टाकत होती ती एकदम संथ झाली. पडद्यावर समुद्र होता. किल्ल्याच्या मागं निळा समुद्र आणि काठाला रिकामी होडी. वत्सला हसली, टाळी वाजवली, आणि मग शेजारची जागा रिकामी आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिनं टीव्ही बंद केला.

एकनाथ परतला तेव्हा तिनं सांगितलं नाही. सांगणार होती, पण तोच म्हणाला, "आज पुलापर्यंत जाऊ. तो पूल काय कुणाच्या बापाला जमायचा नाय." त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं की तिच्यानं बोलवेना. जगात एवढी एकच जागा उरली होती, जिथं त्याच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. ती पुलावर चढली आणि मुद्दाम पडली.

"जाऊ दे," तो म्हणाला. त्यानं चाचपून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला पन कधी नाय जमला."

असं ती दोन महिने पडत राहिली.

दसऱ्यानंतर डॉक्टरनं सांगितलं की उजव्या डोळ्यातलाही उजेड आता राहणार नाही. रामकिसन त्याला दारापर्यंत सोडून आत न येताच गेला. एकनाथनं चहा घेतला नाही. "गेम लाव," एवढंच म्हणाला.

वत्सला त्या दिवशी आठ तास उभी होती. तिचं लक्ष पडद्यावर नव्हतं, डॉक्टरच्या शब्दावर होतं. बोटं आपली चालत राहिली. एक फळी, दुसरी फळी. धून बदलली तेव्हाच ती भानावर आली.

एकनाथ ताठ बसला. ती धून त्यानं कधी ऐकलेली नव्हती.

"हे काय हाय?"

तिनं रिमोट मांडीवर ठेवला.

"पूल पार केलास?"

"हो."

"आज पहिल्यांदा?"

खोटं बोलणं अजूनही सोपं होतं. पण ती दमली होती. "श्रावणात केला. तुमी मुंबईला गेला व्हता."

"नि मग रोज मुद्दाम पडायचीस." तो विचारत नव्हता. मग तो म्हणाला, "आनखी काय काय लपवलंस? माझं तोंड कसं हाय? तू म्हनतेस डाग गेले."

"नाय गेले. गळ्यापर्यंत हायेत."

"नि धाग्याची कंपनी?"

तिनं हात पदराखाली घेतले. एकनाथच पुढं बोलला, "तुझ्या अंगाला कसला वास येतो ते मला कळत नाय काय? चार वर्षं मीच तो घरी आनत व्हतो. पहिल्या दिवशीच कळला. मला वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. पन मला एक कळत नाय. माझ्याच कंपनीनं तुला उगाच कामावर कसं घेतलं?"

तेव्हा वत्सलानं सगळं सांगितलं. कागद, चष्मा, हलगर्जीपणा. साक्षीदार म्हणून रामकिसन. आणि खाली तिची सही. सांगून झाल्यावर तिला वाटलं, तो ओरडेल, हात उगारेल. ती त्याची वाट बघत राहिली. तो फक्त म्हणाला, "टीव्ही बंद कर."

दुसऱ्या दिवशी त्यानं रामकिसनला बोलावून घेतलं. रामकिसन दारातच उभा राहिला. "एकनाथभाई, मेरे भी दो बच्चे हैं," म्हणाला आणि पोरासारखा रडू लागला. एकनाथनं ऐकून घेतलं. "पानी तूने डाला था," तो म्हणाला. "वो मैं नहीं भूलूँगा. अब जा." महिन्याच्या आत रामकिसननं खोली सोडली. गावी गेला असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं वापीला.

एकनाथचे वडील जानू त्याला न्यायला आले. या खेपेला तो नको म्हणाला नाही. वत्सलानं त्याचे कपडे पिशवीत भरले, औषधं वर ठेवली. "मी पन येते," ती म्हणाली.

"येऊन खाशील काय? बाबांच्या एका होडीवर चौघं?" तो पायरी पायानं शोधत उतरला. "तू सही केलीस ती कामासाठी केलीस. आता काम कर."

पुढं दर रविवारी वत्सला रेल्वेनं सफाळ्याला उतरून एसटीनं दातिवऱ्याला जाऊ लागली. एकनाथ ओटीवर बसून बोटांनी जाळ्यातली फाटलेली भोकं शोधायचा आणि सुतानं ती विणायचा. जानूंनीच त्याला हे काम लावलं होतं. बघायला येणारं गाव दोन आठवड्यांत कंटाळून थांबलं होतं. येसूबाई सुनेला जेवायला वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही. एकनाथही बोलायचा नाही. वत्सला तासभर बसायची आणि चारच्या एसटीनं परत फिरायची.

चौथ्या रविवारी तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावून ती ओटीच्या कडेला गेली, पण उबळ थांबेना. एकनाथचे हात जाळ्यावर थांबले.

"किती दिवस झाले?"

"गनपतीपासून हाय."

"कुठल्या शेडमधी बसवलंय?"

"दोन नंबरच्या."

"पिवळी पावडर." त्यानं जाळं मांडीवरून खाली सारलं. "त्या शेडला मागं एक दार हाय. खाडीकडचं. तिथं बसायला माग. सुपरवायझर नाय म्हनला तर पुन्हा माग. वारा तिकडनं आत येतो, धूळ पुढं जाते."

"मागते," वत्सला म्हणाली.

ती थांबली, तो आणखी काही बोलेल म्हणून. त्यानं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. येसूबाईनं आतून हाक मारली, एसटी फाट्यावर आली म्हणून, आणि वत्सला पिशवी उचलून निघाली.