अकराव्या पानाची शेवटची ओळ

“तिरकं लागलंय,” ऑफिसबाई म्हणाली.

“लागू दे. माणूस तरी कुठं सरळ आहे?” दादानं फाटकावरच्या पोस्टरवरून तळहात फिरवला, खळीचे फुगे दाबले आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. वर उमेदवाराचा हसरा चेहरा, खाली जाड अक्षरांत सवाल: ‘याला विचारा, आमचा कारखाना कुणी बुडवला?’ मतदानाला चार दिवस उरले होते. गल्लीतल्या एकूण एक फाटकावर हे पोस्टर दादानंच डकवलं होतं. सत्तरीचा माणूस, जिना चढताना तीनदा थांबणारा. पण या एका कामाला कुठून बळ येत होतं कोण जाणे. ऑफिसबाई खळीची बादली धरून उभी होती आणि तिला आता बसावंसं वाटत होतं.

ती दादाची धाकटी बहीण. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला ऑफिसबाईच म्हणत. राजधानीत व्यापारखात्यात पस्तीस वर्षं तिनं टंकलेखन केलं. वहिनी गेली, दादा एकटा पडला, तशी ती चंबूगबाळं आवरून इथं राहायला आली. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणारी माणसंही एव्हाना दमून गप्प झाली होती.

“काय गं टिकटिक, गप्प का?” दादा म्हणाला. टाइपरायटरच्या आवाजावरून पडलेलं हे नाव, ती बासष्टची झाली तरी त्यानं सोडलं नव्हतं. “तुमच्याच खात्यातला साहेब ना हा? तुला कधी दिसला नाही का, कसला बनेल आहे ते?”

“दिसायचा,” ती म्हणाली. “जिन्यात वगैरे.”

“जिन्यात!” दादा हसला आणि बादली घेऊन पलीकडच्या गल्लीत गेला.

या गावात पितळी नळ बनत. तीनशे चाळीस माणसं कामाला होती. दादा पॉलिशच्या खात्यात. त्याच्या हातचा नळ आरशासारखा चमके आणि तो ते चारचौघांत सांगतही असे. मग अठ्ठावीस वर्षांपूर्वी परदेशाशी करार झाला. तिकडचा माल इकडं मोकळा आला. जो माल दहा वर्षं तरी येऊ द्यायचा नाही, त्याची एक यादी करारात होती आणि त्या यादीत पितळी नळ असणार, असं सरकारनं गावाला तोंड भरून सांगितलं होतं. करार छापून आला तेव्हा यादीत नळ नव्हते. दोन वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. यादी ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली झाली, तो आता निवडणुकीला उभा होता, आणि त्यानं परक्यांकडून काहीतरी घेऊन आपले नळ यादीतून काढले, यात गावाला तिळमात्र शंका नव्हती.

दादा वळणाआड गेला आणि फाटकाशी एक गाडी थांबली. काळा कोट हातावर टाकलेली एक तरुण बाई उतरली. पोस्टरकडे बघून तिनं तोंड वाकडं केलं. उमेदवाराच्या कचेरीतली वकील होती ती. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाणीही न पिता तिनं कागद काढला.

“बाई, आम्हाला खात्याची जुनी फाइल मिळाली. यादीच्या शेवटच्या मसुद्यात नळ आहेत. सहीच्या प्रतीत नाहीत. मधे फक्त टायपिंग झालंय. अकराव्या पानाच्या तळाशी टाइप करणाराच्या नावाची आद्याक्षरं आहेत, ती तुमची आहेत ना?”

अठ्ठावीस वर्षं ऑफिसबाई या प्रश्नाची वाट बघत होती, आणि तो विचारायला आली ही कालची पोर.

“माझीच,” ती म्हणाली.

झालं होतं ते एवढंसं होतं. त्यांच्या कचेरीत एक जुनी रीत होती. महत्त्वाच्या कागदाच्या प्रत्येक पानावरची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर पुन्हा टाइप करायची, म्हणजे मधे कुणाला नवं पान घुसडता येत नाही. परक्या देशाचे लोक म्हणाले, हे काय, एकच माल दोनदा? काढा. मग ठरलं, वरची ओळ काढायची, खालची ठेवायची. विषम पानं ऑफिसबाईनं पुन्हा टाइप करायची, सम पानं शेजारच्या टेबलावरच्या सोबतिणीनं. अकराव्या पानाच्या मध्यात कुणीतरी शिक्का मागायला आलं. ती उठली, कपाट उघडून शिक्का दिला, परत येऊन बसली. पानाच्या तळाशी आली, जुनं बारावं पान बाजूलाच पडलेलं, त्याच्या माथ्यावर तीच ओळ. दुबार ओळ काढायची आहे एवढंच डोक्यात राहिलं. तिनं खालची काढली. सोबतिणीनं ठरल्याप्रमाणं वरची काढली. ‘पितळी नळ व त्यांचे सुटे भाग’ दोन पानांच्या मधून खाली पडले. मालाला अजून अनुक्रमांक घातले नव्हते, त्यामुळं खाडा दिसला नाही. पडताळणीला दोघी समोरासमोर बसल्या, एकीनं वाचलं, दुसरीनं बोट फिरवलं. जुन्या मसुद्यात दोघींनी आपापल्या काढलेल्या ओळीवर फुली मारली होती; फुली दिसली की प्रत्येकीला वाटलं, ओळ पलीकडच्या पानावर असेल.

“हे एवढं निवेदन आहे,” वकीलबाई सांगत होती. “सही करा. साहेबांवरचा अठ्ठावीस वर्षांचा डाग जाईल. तुम्हाला कुणी काही करणार नाही, मी बघते.”

ऑफिसबाईनं चष्मा लावला आणि कामावरच्या सवयीनं ओळीखाली बोट धरून वाचलं. दोनच वाक्यं होती. सदर चूक माझ्या हातून झाली. तत्कालीन अधिकाऱ्यांना तिची कल्पना नव्हती.

“हे तुमच्या साहेबांनी पाठवलं?”

“नाही,” वकीलबाई जराशी अवघडली. “ते म्हणाले, टाइप करणाऱ्याला शोधायचं नाही. दोनदा म्हणाले. पण चार दिवसांत सगळं हातचं जाईल हो बाई. गावोगाव त्यांना शिव्या देतात. माझ्यानं बघवत नाही.”

“पहिलं वाक्य खरं आहे,” ऑफिसबाई म्हणाली. “दुसरं खोटं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांना कल्पना होती.”

सह्या होऊन अकरा दिवसांनी छापील प्रत आली होती. तिनं ती सहज चाळली, तर नळांची ओळ कुठल्याच पानावर नव्हती. तशीच उठून ती साहेबांच्या खोलीत गेली. पस्तिशीचा, हुशार, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस होता तो. त्यानं दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाला, “आता उघडायला गेलो तर ते लोक या एका ओळीच्या बदल्यात चार ओळी मागतील. यादीतलं पोलाद काढायला लावतील. सह्या झाल्यात. तुम्ही घरी जा. कुणाला बोलू नका.” ती दाराशी पोचल्यावर तो म्हणाला, “तुमचा दोष नाही.” तिनं त्याला सांगितलं नव्हतं की तिचा भाऊ त्या कारखान्यात आहे. तेवढं सांगितलं असतं तर? हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता त्याचा वीट आला होता. आणि त्यानं तिला सांभाळलं, पोलाद सांभाळलं, की स्वतःची खुर्ची सांभाळली, हेही तिला कधी ठरवता आलं नाही.

वकीलबाईनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं पेनाला टोपण लावलं.

“हे आणखी कुणाला बोललात?”

“नाही.”

“मग नका बोलू. पहिल्या वाक्यावर तरी सही करा. ते तर खरं आहे ना?”

“करते. पण दुसऱ्याच्या जागी मी सांगते ते लिहा. चूक माझी, ठाऊक त्यांनाही. दोन्ही एका कागदावर.”

“तसा कागद आम्हाला काय कामाचा?” वकीलबाई उठली. “आणि पलीकडच्या पक्षाला मिळाला तर ते तुमचं पहिलं वाक्य खोडतील. बघा बाई, अख्खं कुणालाच नकोय.” ती काही वाईट पोरगी नव्हती. जाताना तिनं ऑफिसबाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कागदाची घडी घालून गाडीत बसली.

ऑफिसबाईनं जेवायचं करायला घेतलं. हात चालत होते, पण डोकं जड झालं होतं. इथं आल्यापासून तिनं मनाशी एक हिशेब मांडला होता: दादाचं करायचं, धुणं, औषधं, डोळ्यांत थेंब घालणं, त्याचं तेच ते ऐकून घेणं, आणि असं करत एक दिवस फिटेल. आज तिला स्वच्छ कळलं की ते फिटणारं नव्हतंच. दादा रोज त्या माणसाला शिव्या देत होता आणि ती रोज बादली धरत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

दादा आला, हातावरची वाळलेली खळ खरवडत बसला.

“गाडी कुणाची होती? शेजारीण म्हणाली.”

“त्यांच्या कचेरीतली वकील.”

“आपल्या दारात? आणि तू आत घेतलंस? डोकंबिकं फिरलं का तुझं?”

“दादा, जेवायच्या आधी ऐक. जेवणानंतर माझ्यानं व्हायचं नाही.”

तिनं सगळं सांगितलं. शिक्का, दोन पानं, फुल्या, अकरा दिवस, साहेबांची खोली. रडली नाही, ऐकणाराला तिच्यासाठी काही करावं लागू नये, एवढी अक्कल तिला होती. दादाच्या नखांखालची खळ तशीच राहिली.

“मी तेव्हा तुझ्याकडं आलो होतो,” तो म्हणाला. “कुलूप लागल्यावर. राजधानीत काम मिळतंय का बघायला. तुझ्या खोलीवर आठ दिवस राहिलो.”

“हो.”

“तुला तेव्हा ठाऊक होतं.”

“हो.”

“सकाळी माझे बूट पुसून ठेवायचीस. मी तुझ्या वहिनीला सांगायचो, बघ, बहीण कशी जीव टाकते.”

दादा उठला आणि ताटाकडं न बघता बाहेर निघाला. दाराशी थांबला.

“आणि मला एकट्याला काय सांगतेस?” त्याचा आवाज चढला होता, फाटला होता. “मी एकटा होतो काय तिथं?”

ती दुपारभर तशीच बसून राहिली. तो आता तिला जा म्हणेल, आणि म्हणाला तर कुठली बॅग काढायची, इथपर्यंत तिचा विचार गेला. फाटक वाजलं तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा एकटा नव्हता. मागं सहा माणसं होती, पॉलिश खात्यातली, अजून हयात असलेली. कुणी काठी टेकत, कुणी दुसऱ्याच्या दंडाला धरून. या सगळ्यांना ती ओळखत होती. त्यांच्या नातवंडांच्या शाळेचे अर्ज तिनंच भरून दिले होते.

“काय दादा, चहाला बोलावलंस आणि तोंड असं का?” एकजण म्हणाला.

दादा आत गेला. आतून खुर्च्या आणल्या, बाकडं ओढलं, सहाजणांना बसवलं. सगळ्यांत शेवटी एक स्टूल आणून त्यांच्या समोर ठेवलं आणि बहिणीकडं न बघता म्हणाला, “हिला काही सांगायचंय. मधे कुणी बोलायचं नाही.”

ती स्टुलावर बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं, दुपारी सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. स्वतःची चूक सांगितली आणि साहेबांना ठाऊक होतं तेही सांगितलं. एकानं मान खाली घातली, एकजण तिच्याकडं बघतच राहिला, आणि दादा भिंतीला टेकून दोन्ही हात पाठीशी धरून उभा होता.

तिचं सांगून झालं. कडेला बसलेला सगळ्यांत म्हातारा पुढं वाकला. तीस वर्षं पॉलिशच्या चाकांपाशी काढून त्याचे दोन्ही कान गेले होते. तळहात कानामागं धरून तो इतका वेळ नुसता तिच्या ओठांकडं बघत होता.

“पोरी, मला काही कळलं नाही,” तो म्हणाला. “काय झालं? कुणी केलं?”

कुणीतरी त्याच्या कानाशी तोंड नेऊ लागलं. दादानं हातानंच त्याला थांबवलं.

“ती सांगेल,” दादा म्हणाला.

ऑफिसबाईनं स्टूल उचललं, म्हाताऱ्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवलं, त्यावर बसली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली.